मूळ प्रतीची राखण

पाटी आणि वही यांतील फरक मुलांना शिकवावा लागत नाही. पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने पुसले की गेले, वहीतले राहते. आणि वहीच पावसात भिजली, तर शेजारच्या मुलाची वही मागून आणून तीवरून सारे उतरवून काढावे लागते, हेही प्रत्येक मूल पहिल्या पावसाळ्यातच शिकते. घरगुती संगणकावर चित्रे काढण्याची व छायाचित्रे दुरुस्त करण्याची साधने निघाली, त्याला आता सुमारे चाळीस वर्षे झाली. काम करता करता ते आपोआप जतन व्हावे, आणि बिघाड झाला तरी त्याची एक प्रत कोठेतरी शिल्लक असावी, यासाठी या साधनांत कोणकोणत्या सोयी कशा येत गेल्या, हे आज मी आपणांस सांगणार आहे. खरे पाहता हा इतिहास पाटीचा, वहीचा आणि शेजारच्या वहीचाच आहे.

हा विषय माझ्या मनात घर करून बसला तो एका चुकीमुळे. आणि ती चूक माझीच असल्यामुळे ती प्रथम सांगून टाकतो. २०१७ साली आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. स्मरणिकेसाठी एका माजी विद्यार्थ्याने १९६७ सालच्या पहिल्या तुकडीचे छायाचित्र आणून दिले. आठ इंच रुंद, सहा इंच उंच. कौलारू इमारतीपुढे तीन रांगांत उभी राहिलेली मुले आणि मध्ये खुर्च्यांवर बसलेले शिक्षक. त्याची दुसरी प्रत कोणाजवळ नव्हती. मी ते स्कॅनरवर ठेवून संगणकात उतरवून घेतले, मूळ छायाचित्र साभार परत केले आणि संध्याकाळी दुरुस्तीस बसलो. बुरशीचे डाग होते, घडीची एक पांढरी रेघ नेमकी मधल्या रांगेवरून गेली होती. तीन तास खपून मी ते सारे स्वच्छ केले आणि तेवढ्यात वीज गेली. अर्ध्या तासाने वीज आल्यावर धडधडत्या छातीने प्रोग्राम उघडला, तो काय! माझे काम जवळजवळ जसेच्या तसे समोर आले. शेवटच्या सात-आठ मिनिटांचे तेवढे गेले होते. ज्या अज्ञात कारागिरांनी ही सोय करून ठेवली त्यांना मी मनापासून धन्यवाद दिले. मग पानात बसावे म्हणून ते चित्र लहान केले आणि त्याच नावाने त्याच जागी जतन करून निश्चिंत मनाने झोपी गेलो.

दोन वर्षांनी त्या तुकडीतील एक गृहस्थ वारले. त्यांची मुलगी शाळेत आली आणि म्हणाली, "सर, बाबांचा लहानपणीचा दुसरा फोटो आमच्या घरात नाही. त्या फोटोतला त्यांचा चेहरा तेवढा मोठा करून द्याल का?" मी आनंदाने हो म्हटले आणि संगणक उघडला. मूळ स्कॅन ४८०० बिंदू रुंद आणि ३६०० बिंदू उंच होता. आता तेथे ६०० बिंदू रुंद आणि ४५० बिंदू उंच असे चित्र होते, म्हणजे मुळाचा चौसष्टावा हिस्सा. जो चेहरा पूर्वी दीडशे बिंदूंत मावला होता तो विसांवर आला होता. मोठा करू गेले की नाक-डोळ्यांच्या जागी करड्या चौकटी दिसत. छायाचित्राच्या मालकांकडे धाव घेतली. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात जो पूर आला त्यात त्यांच्या घरात पाणी शिरले होते आणि कागदावरचे ते चित्र ओळखू येण्यापलीकडे गेले होते. वीज गेली तेव्हा यंत्राने माझे काम वाचवले होते. माझ्या हातून मूळ चित्र जाऊ लागले तेव्हा मात्र तेच यंत्र मुकाट्याने मी सांगितले ते करीत राहिले. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

मूळ प्रत वेगळी आणि कामाची प्रत वेगळी, ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरने आपली छायाचित्रणाची रीत जाहीर केली, तेव्हा तांब्याच्या रुपेरी पत्र्यावर उमटणारे प्रत्येक चित्र एकमेव असे. पत्रा गेला की चित्र गेले. इंग्लंडमध्ये टॅलबटने १८४१ साली ज्या रीतीचे पेटंट घेतले तीत प्रथम उलट्या छायाप्रकाशाची निगेटिव्ह तयार होई आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती छापता येत. १८५१ नंतर निगेटिव्हसाठी काच वापरात आली. तेव्हापासून छायाचित्रकाराची खरी पुंजी म्हणजे कपाटातील काचा, असे होऊन बसले.

आपल्या परिचयाच्या गावांतच याचे एक उत्तम उदाहरण आहे. लाला दीनदयाळ हे इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. १८७४ च्या सुमारास तेथेच त्यांनी छायाचित्रणाला आरंभ केला आणि पुढे हैदराबादला सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ते राजा दीनदयाळ झाले. १९०५ साली ते वारले. त्यांनी काढलेली कागदी छायाचित्रे देशोदेशी विखुरली. पण त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली मिळवल्या आणि आज त्या तेथे जतन केलेल्या आहेत. कागदावरची प्रत फाटली, विटली, कोणी कापून चौकटीत बसवली, तरी काच सुरक्षित असेतो मूळ चित्राला बाध येत नव्हता. जुन्या स्टुडिओंतून रिटचिंग करणारा कलाकार बारीक टोकाच्या पेन्सिलीने काचेवरच सुरकुत्या झाकी, हे खरे. पण काच एकच आहे याचे भान त्याच्या हाताला असे.

संगणक आला आणि हे भान सुटण्याची सोय झाली. संगणकाच्या पोटात दोन जागा असतात. एक कामचलाऊ स्मृती: ती वेगवान असते, पण वीज जाताच पुसली जाते. ही पाटी. दुसरी डिस्क: ती संथ असते, पण वीज गेली तरी तीवरचे लिखाण टिकते. ही वही. आपण पडद्यावर काही बदल करतो तो पाटीवर होतो. जतन करण्याची आज्ञा दिली म्हणजे तो वहीत उतरतो. आणि त्याच नावाने उतरवला, तर वहीतल्या पूर्वीच्या मजकुराची जागा हा नवा मजकूर घेतो. निगेटिव्ह आणि प्रत असा भेद येथे नाही. जे शेवटी लिहिले तेच मूळ.

हातून चूक झाली तर ती परत फिरवावी, ही पहिली गरज. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक निघाला. त्याच्यासाठी बिल ॲटकिन्सन या कुशल कारागिराने मॅकपेंट नावाचा चित्रे काढण्याचा प्रोग्राम लिहिला. त्या संगणकाची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. तेवढ्या इवल्याशा जागेतही ॲटकिन्सनने चित्राच्या दोन आवृत्त्या ठेवल्या होत्या, एक आताची आणि एक तिच्या आधीची. रेघ चुकली की आधीची आवृत्ती पुढे आणावयाची, एवढीच युक्ती. मागे फिरता येई ते एकच पाऊल. तरीही जागेच्या इतक्या टंचाईत माणसाच्या चुकीसाठी एक कोपरा राखून ठेवावा, हे मला फार थोर वाटते.

छायाचित्रांच्या दुरुस्तीचा खरा इतिहास १९८७ पासून सुरू होतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात टॉमस नोल हा विद्यार्थी डॉक्टरेटसाठी अभ्यास करीत होता. त्याचे वडील प्राध्यापक. छायाचित्रणाचा त्यांना नाद, आणि घराच्या तळघरात त्यांनी डार्करूम केलेली होती. टॉमसने छायाचित्रे मॅकिंटॉशच्या पडद्यावर करड्या छटांसह दाखवणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतील चमत्कृतिदृश्ये तयार करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेत कामास होता. त्याने या प्रोग्रामाचे मोल ओळखले. दोघा भावांनी तो वाढवला, ॲडोबी कंपनीने १९८८ साली तो घेण्याचे ठरवले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये तो फोटोशॉप या नावाने बाजारात आला. पुढे या नावाचे अनेक भाषांत क्रियापदच होऊन बसले.

या पहिल्या फोटोशॉपमध्ये आपोआप जतन करण्याची सोय नव्हती. मागे फिरता येई तेही एकच पाऊल. लेखनाच्या प्रोग्रामांत मात्र आपोआप जतनाची कल्पना तेव्हा जुनी झाली होती. १९७६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मलेल्या ईमॅक्स या लेखनसाधनाचे जे रूप पुढे प्रसिद्धीस आले, ते सुमारे ३०० कळा दाबल्या गेल्या की लिहिलेला मजकूर आपण होऊन डिस्कवर उतरवून ठेवी. त्यात एक शहाणपण होते, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. हा उतारा मूळ फाइलीवर लिहिला जात नसे. तो वेगळ्या नावाने शेजारी ठेवला जाई; मूळ फाइलीला हात लावण्याचा अधिकार लेखकाचाच राही. शिवाय लेखकाने स्वतः जतन केले, की आधीच्या फाइलीची एक प्रतही वेगळ्या नावाने मागे राहत असे.

मग हेच छायाचित्रांना का जमले नाही? उत्तर साध्या गणितात आहे. इंग्रजी मजकुराचे टंकलिखित एक पान म्हणजे सुमारे दोन-अडीच हजार अक्षरे, तितकेच बाइट. आता ३,००० बिंदू रुंद आणि २,००० बिंदू उंच असे छायाचित्र घ्या. बिंदू झाले ६० लाख. प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा असे तीन रंग, म्हणजे १ कोटी ८० लाख बाइट. त्या काळची चांगली फ्लॉपी १.४४ मेगाबाइटची असे. एका छायाचित्रास तेरा फ्लॉपी लागल्या असत्या. असे चित्र डिस्कवर उतरवताना यंत्र बराच वेळ अडून राही, आणि तोवर कलावंताने हात बांधून बसावयाचे. दर दहा मिनिटांनी यंत्र असे अडू लागले असते तर लोकांनी ती सोयच बंद करून टाकली असती. म्हणून जाणती माणसे स्वतःच शिस्त पाळीत: मूळ फाइलीला हात लावावयाचा नाही, प्रत घेऊन काम करावयाचे, आणि दर टप्प्याला नव्या आकड्याने ती जतन करावयाची. सोय नसल्यामुळे शिस्त होती, असेच म्हणावे लागेल.

पुढे यंत्रे वेगवान झाली, डिस्क स्वस्त झाल्या, आणि सोयी एकेक करून आल्या. १९९४ साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले. काचेवर काच ठेवावी तसे मूळ चित्राच्या वर बदलाचे थर रचता येऊ लागले, आणि खालचे चित्र अबाधित ठेवून काम करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९९८ साली पाचव्या आवृत्तीत केलेल्या कृतींची यादीच पडद्यावर आली. नेहमीच्या मांडणीत शेवटच्या वीस पायऱ्या तीत राहत आणि त्यांतील कोणत्याही पायरीवर परत जाता येई. इंग्रजीत तिला इतिहास हेच नाव दिलेले आहे. इतिहासाच्या शिक्षकाला त्याचा आनंदच वाटावयाचा. पण हा इतिहास पाटीवरचा होता. फाइल बंद केली की तो पुसला जाई. फाइल पुन्हा उघडावी तर चित्र आहे. पण ते कसे झाले याची आठवण नाही.

आपोआप जतनाची सोय फोटोशॉपमध्ये आली ती २०१२ साली, सीएस ६ या आवृत्तीत. पहिल्या आवृत्तीनंतर बावीस वर्षांनी! नेहमीच्या मांडणीत दर दहा मिनिटांनी प्रोग्राम चालू कामाची प्रत वेगळ्या जागी उतरवून ठेवतो, आणि तेही आपले काम न अडवता, पाठीमागे. यंत्र बंद पडले तर पुढच्या वेळी तो ती प्रत आपण होऊन पुढे करतो. फाइल आपण रीतसर बंद केली की ती प्रत पुसून टाकतो. कारण त्याच्या दृष्टीने तिचे प्रयोजन संपलेले असते. जिंप नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम आहे. बर्कली विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली तो सुरू केला. त्यातही २०१८ च्या आवृत्तीपासून, प्रोग्राम कोसळू लागला तर न जतन केलेली चित्रे वाचवण्याचा प्रयत्न होतो. माझ्यावर वीज गेली त्या संध्याकाळी मला वाचवले ते अशाच सोयीने. मात्र तिचा आवाका केवढा ते पाहा. अपघात आणि त्यानंतरची पहिली उघडझाप, एवढ्यापुरतीच ती आपली सोबत करते. आपण राजीखुशीने जे जतन करतो ते बरोबर की चूक, हे ठरवण्याचे काम तिच्याकडे दिलेले नाही.

आपोआप जतन मूळ फाइलीवरच होऊ लागले तर काय होते, याचाही अनुभव लोकांनी घेतला. २०११ साली ॲपलने आपल्या संगणकांसाठी लायन नावाची नवी प्रणाली आणली. तीत कित्येक प्रोग्राम केलेला बदल आपण होऊन मूळ फाइलीतच उतरवू लागले. आधीच्या आवृत्त्याही ती राखून ठेवी, म्हणजे परतीचा दरवाजा उघडा होता. पण सहज गंमत म्हणून एखादे छायाचित्र उघडून कापून पाहावे, आवडले नाही म्हणून सोडून द्यावे, अशी ज्यांची जुनी सवय होती ते गोंधळले. कारण न सांगता तो प्रयोग मूळ चित्रातच उतरू लागला. 'दुसऱ्या नावाने जतन करा' ही जुनी आज्ञाही काढून टाकली होती. लोकांनी तक्रारी केल्या आणि पुढच्याच वर्षी ती आज्ञा परत आली. यंत्र फार तत्पर झाले की माणसाला 'थांब, मी अजून ठरवलेले नाही' असे म्हणण्यास जागा लागते, हा त्यातील बोध.

याच सुमारास दुसऱ्या एका वाटेने जुन्या निगेटिव्हची कल्पना परत आली, आणि मला वाटते या इतिहासातील सर्वांत शहाणी गोष्ट तीच. ॲपलचा ॲपर्चर हा प्रोग्राम २००५ साली आणि ॲडोबीचा लाइटरूम २००७ साली आला. यांत मूळ छायाचित्राला प्रोग्राम हातच लावीत नाही. 'इतका उजेड वाढवला, येथून कापले, हा डाग झाकला' अशा सूचनांची तेवढी नोंद तो आपल्या सूचीत करतो आणि पडद्यावर त्या सूचना लागू करून चित्र दाखवतो. सूचना मागे घेतल्या की मूळ चित्र जसेच्या तसे. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला गूगलचा पिकासा हाही याच जातीचा. २०१६ साली तो बंद झाला. पिकासामध्ये बदल जतन केला तर मूळ छायाचित्र तो त्याच फोल्डरच्या पोटात एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवून देई. सामान्य माणसाला न विचारता त्याचे मूळ राखून ठेवणारी ही सोय होती. पण लपवलेली वस्तू ठाऊक नसेल तर ती सांभाळलीही जात नाही. नव्या संगणकावर केवळ दिसणारी छायाचित्रे उतरवून घेतली, की त्यांची मुळे जुन्या यंत्रातच राहिली.

सूचीच्या रीतीतही एक खाच आहे. लाइटरूम बंद करताना, नेहमीच्या मांडणीत आठवड्यातून एकदा, तो राखीव प्रत काढण्याविषयी विचारतो. ही प्रत सूचीची असते, छायाचित्रांची नव्हे. ग्रंथालयाचे नोंदणीपुस्तक दोन प्रतींत ठेवावे आणि ग्रंथ मात्र एकाच कपाटात असावेत, त्यातला हा प्रकार. कपाटाला आग लागली तर कोणकोणते ग्रंथ जळाले, एवढे अचूक सांगता येईल.

येथे आपण शेजारच्या वहीपाशी येतो. आपोआप जतन ही एक गोष्ट आणि राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, ही दुसरी. आपोआप जतन त्याच यंत्रात, बहुधा त्याच डिस्कवर होते. डिस्कच गेली तर दोन्ही जातात. आणि राखीव प्रत आहे असे वाटणे, हेही ती असण्याहून वेगळे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता कोणाकडून तरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि बघता बघता पात्रे, त्यांच्या टोप्या, सारे प्रसंग संगणकावरून नाहीसे होऊ लागले. नव्वद टक्क्यांच्या आसपास काम पुसले गेले. राखीव प्रती घेणारी व्यवस्था होती. ती उघडून पाहिली तेव्हा कळले की ती कित्येक दिवस नीट चाललीच नव्हती आणि कोणी तपासलीही नव्हती. सुदैव इतकेच, की तांत्रिक कामावर देखरेख करणाऱ्या गॅलिन सुसमन या बाई घरी तान्हे मूल असल्यामुळे घरून काम करीत होत्या आणि चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकात होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, मोटारीतून हळूहळू संस्थेत आणण्यात आला. उभारलेली व्यवस्था निकामी ठरली आणि दुसऱ्या छपराखाली असलेली एक प्रत कामी आली.

छायाचित्रकारांच्या जगात या अनुभवांतून एक सोपा नियम रूढ झाला. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने डिजिटल छायाचित्रांच्या व्यवस्थेवरील आपल्या पुस्तकातून या शतकाच्या पहिल्या दशकात तो प्रचारात आणला: प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत असावी. तीन, दोन, एक. लहान मुलालाही पाठ होईल असा हा पाढा आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे सारे जुने झाले. हल्ली छायाचित्रे आपोआप दूरच्या संगणकांवर, ज्याला लोक क्लाउड म्हणतात तेथे, चढतात. ही मोठी सोय आहे, हे मी नाकारीत नाही. पुराच्या पाण्यात घर बुडाले तरी ती प्रत भिजत नाही. पण तीही नीट समजून घ्यावी. २०१५ साली गूगल फोटोजने ठरावीक प्रतीची छायाचित्रे हवी तितकी विनामूल्य ठेवण्याचे जाहीर केले. ती सवलत १ जून २०२१ पासून संपली. शिवाय त्या सवलतीत ठेवलेली चित्रे आटोपशीर करून ठेवली जात, म्हणजे ती अगदी मुळाबरहुकूम नसत. दुसरे असे, की अशा व्यवस्थेत फोन आणि दूरची प्रत एकमेकांशी जुळवून ठेवलेल्या असतात. त्या ॲपमधून एका ठिकाणी पुसले की दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते. टोपलीत साठ दिवस पडून राहते, मग कायमचे जाते. जुळवणे म्हणजे राखणे नव्हे. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये आयफोनवरील लाइटरूमची एक नवी आवृत्ती बसवताच, ज्यांची छायाचित्रे दूरच्या संगणकावर चढलेली नव्हती त्यांची ती नाहीशी झाली. कंपनीने चूक मान्य केली, क्षमा मागितली, सुधारलेली आवृत्ती दिली. पण गेलेली छायाचित्रे परत आणता येणार नाहीत, हेही तिलाच सांगावे लागले.

श्रोतेहो, हा सारा इतिहास सांगण्याचा हेतू यंत्राविषयी अविश्वास निर्माण करावा असा नाही. एका पाऊलभर मागे फिरण्यासाठी जागा राखणाऱ्या कारागिरापासून तो पाठीमागे मुकाट्याने प्रत उतरवून ठेवणाऱ्या आजच्या प्रोग्रामापर्यंत, माणूस चुकणारच आणि त्याला दुसरी संधी मिळावी, याच कळवळ्याने ही साधने घडलेली आहेत. पण प्रत्येक साधन एका विशिष्ट संकटासाठी केलेले आहे. मागे फिरण्याची कळ हाताच्या चुकीसाठी. आपोआप जतन वीज जाण्यासाठी. थर व सूचना मूळ चित्र अबाधित ठेवण्यासाठी. राखीव प्रत डिस्क जाण्यासाठी. आणि दूरची प्रत घर जाण्यासाठी. छत्री आहे म्हणून कोणी कौले शाकारावयाचे सोडत नाही.

घरात जुने छायाचित्र असेल आणि आपण ते संगणकात घेणार असाल, तर एवढेच करावे. स्कॅन केलेली पहिली फाइल 'मूळ' या नावाने बाजूला ठेवावी आणि तिच्यात कधीही बदल करू नये. काम तिच्या प्रतीवर करावे. ती मूळ फाइल आणखी एका डिस्कवर उतरवून दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे किंवा लेकीकडे ठेवावी. आणि वर्षातून एकदा, दिवाळीत म्हणा, नाताळात म्हणा, ती उघडते की नाही हे डोळ्यांनी पाहावे. या चारही कामांना मिळून अर्धा तास लागत नाही. बैल गेला अन् झोपा केला, अशी वेळ मग येत नाही.

त्या मुलीला मी अखेर काय दिले, असे आपण विचाराल. वीस बिंदूंचा तो चेहरा कल्पनेने रंगवून, नाक-डोळे घालून देणारी साधने आता निघाली आहेत. ती वापरून पाहिली. एक गोड चेहरा तयार झाला; पण तो त्यांचा होता असे मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. म्हणून मी स्मरणिकेतले ते पान तसेच मोठे करून दिले. कौलारू इमारत, तीन रांगा आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा एक धूसर मुलगा. तिने ते कपाळाला लावले आणि आभार मानले. त्या आभारांचे ओझे आजही माझ्या मनावर आहे.